पांढऱ्या भाताचा मान

"गुरुजी, वय झालं आता."

आजारपणात मला भेटायला आलेल्या प्रत्येकाने हे म्हटलं. कोणी कोणी म्हटलं ते मी विसरलेलो नाही. खाटेजवळ बसायचे, सुपारी कातरायचे, माझ्या सुजलेल्या पायांकडे बघून चुकचुकायचे आणि हे वाक्य टाकून धोतर झटकत आपापल्या पायांनी घरी जायचे. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होतो. शाळा सोडून दोनच वर्षं झाली होती. ज्यांनी मला म्हातारं ठरवलं, त्यांतले काही माझ्याहून मोठे होते आणि अजून नांगर धरत होते.

त्या लोकांवरचा माझा राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. पण उद्या तुमच्या खाटेजवळ बसून कोणी हेच म्हणेल, तेव्हा ते निमूट ऐकून घेऊ नका, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

*

आमचं गाव तिरोड्याच्या बाजूला, बोदलकसा तलावाच्या जवळ. शाळा सोडल्यापासून रोज सकाळी तलावाच्या पाळीवर फिरायला जायचं, असा माझा नेम होता. एके दिवशी घरी आलो तर बायकोने विचारलं, "एका पायातली चप्पल कुठं टाकली?" मी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. चप्पल वाटेत कुठे निसटली, ते माझ्या पायाला कळलंच नव्हतं.

मी हसलो. नंतर पायांत मुंग्या येऊ लागल्या, तेव्हाही हसलो. पोटऱ्या दुखायला लागल्या, त्याचं खापर हवेवर फोडलं. मग एक दिवस विहिरीपाशी उकिडवा बसून दात घासले आणि उठायला गेलो, तर उठता येईना. दोन वेळा प्रयत्न केला. शेवटी विहिरीचा काठ धरून, गुडघ्यावर हात टेकत, चार पायांच्या जनावरासारखा उभा राहिलो. मागच्या अंगणात माझी थोरली बहीण गिरजाबाई धान वाळत घालत होती. तिने हे सगळं पाहिलं आणि पुन्हा धानात पाय फिरवू लागली. तेव्हा मला तिचा फार राग आला.

ही गिरजाबाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणतो. चौदाव्या वर्षी तिचा नवरा वारला आणि ती परत आमच्याच घरी आली. आमच्या जातीत विधवेचा पाट लावायची, म्हणजे तिचं दुसरं लग्न करायची, चाल होती, पण आमच्या वडिलांना मोठ्या घराण्यांची बरोबरी करायची हौस. त्यांनी तिचा पाट लावू दिला नाही. तेव्हापासून ती मागच्या सपरीत, म्हणजे परसातल्या पडवीत, राहते. सगळ्यांचं झाल्यावर तिथेच चुलीपाशी बसून जेवते. घरात कोणाला हे वाईट वाटत नव्हतं, कारण कोणी याचा विचारच करत नव्हतं. मी तर मुळीच नाही.

*

आता भाताबद्दल सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथे आहे.

मागच्या सपरीत आमची ढेकी होती. लांब लाकडाच्या एका टोकाला पायाने दाबायचं, दुसऱ्या टोकाचं मुसळ धानावर आपटतं. पहिल्या कांडणाला वरचं टरफल निघतं आणि लालसर तांदूळ उरतो. तो गड्यांचा. दुसऱ्या कांडणाचा बायकांचा. तिसऱ्या कांडणाचा, त्यातल्या त्यात पांढरा, तो घरातल्या पुरुषांचा आणि पाहुण्यांचा. ज्याचा भात जितका पांढरा, तितका त्याचा मान. ही रीत आम्हाला कोणी शिकवली नव्हती, पण ती चुकलेली मी एकदाही पाहिली नाही.

माझा मुलगा नंदलाल गोंदियाला एका धानाच्या गिरणीत मुनीम लागला. त्याने घरचंच धान गिरणीत नेलं आणि तांदूळ करून आणला. असा पांढरा, असा गुळगुळीत तांदूळ आमच्या घराने पाहिला नव्हता. गावातले लोक बघायला आले. माझी बायको यमुना तो चार पाण्यांनी धुवायची, शिजला की वरची पेज ओतून म्हशीच्या पारड्याला घालायची आणि मोकळा, सुटा भात माझ्या ताटात वाढायची. दोन्ही वेळेला तोच भात, त्यावर तूप. मी शाळेत तीस वर्षं पोरांना स्वच्छतेचे धडे दिले होते. इतका स्वच्छ भात खाताना मला स्वतःचा अभिमान वाटायचा.

गिरजाबाईने एकदा यमुनेला म्हटलं होतं, "पेज कायले फेकतेस? घरात ठेव."

"गुरुजीले पेज देऊ का? लोकं काय म्हनतीन?" यमुना म्हणाली. आणि मी माजघरातून म्हणालो, "बरोबर आहे तिचं." दीड वर्षाने माझी चप्पल वाटेत राहिली.

*

आमच्या भागात कोणाचे पाय गेले की पहिला प्रश्न विचारतात, लाखोरी खाल्ली का? लाखोरीची डाळ गरीब लोक पोट भरायला खातात, आणि फार खाल्ली तर पाय अधू होतात हे सगळ्यांना माहीत आहे. वैद्यबुवांनी तोच प्रश्न मला विचारला. मी त्यांना घरातून हाकलायच्या बेतात होतो. आमच्या घरी लाखोरी बैलांना घालतात!

"मग वात आहे," ते म्हणाले, आणि पथ्य सांगून गेले. सगळ्या डाळी बंद. पालेभाजी बंद. फक्त मऊ पांढरा भात, तूप आणि साखर.

वैद्यबुवा आता या जगात नाहीत, म्हणून जास्त बोलत नाही. पण जो भात मला खात होता, तोच त्यांनी मला औषध म्हणून दिला, आणि मीही शहाण्या विद्यार्थ्यासारखा तीन आठवडे तेवढाच खाल्ला. पाय खांबासारखे सुजले. चार पावलं चाललो की छाती धडधडायची. आणि मग आवाज बसला. ज्या आवाजाने मी वर्गातल्या साठ पोरांना बसल्या जागी गप्प केलं होतं, त्या आवाजात मला पाणीसुद्धा मागता येईना. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. भिंतीकडे तोंड करून रडलोही. यमुनेने पाहिलं आणि तीही म्हणाली, "वय झालं आता, असं व्हतेच." मी तिच्या अंगावर पाण्याचा गडवा फेकला. गडवा तिला लागला नाही, कारण माझ्या हातात तेवढा जोर उरला नव्हता. ती गोष्ट मला आजही लाजवते.

मग नंदलाल आला, आणि बैलगाडीत घालून, पुढे तिरोड्याहून रेल्वेने, मला गोंदियाला घेऊन गेला; यमुनाही बरोबर आली.

*

डॉक्टर बंगाली होते, म्हातारे, तोंडात पान. उमेदीची वर्षं त्यांनी ब्रह्मदेशात काढली होती. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. आम्ही चौघे त्या खड्ड्याकडे बघत राहिलो. मग ते म्हणाले, "उकडूँ बैठो." मी बसलो. "उठो." मी उठू शकलो नाही.

"खाते क्या हो?"

मी जरा ताठ होऊन, बसलेल्या घशातून कुजबुजत सांगितलं. गिरणीचा पांढरा भात, तूप, साखर. नंदलालने अभिमानाने जोडलं की हा तांदूळ तो स्वतः आणतो.

डॉक्टरांनी पान थुंकलं. "घर में सबसे बड़ा कौन है?"

"मेरी बहन."

"चलती है?"

"चलती है. ढेकी चलाती है. सर पे पानी लाती है."

"वो क्या खाती है?"

बावन्न वर्षं जी बाई माझ्या घरात राहिली, ती काय खाते ते मला ठाऊक नव्हतं. मागे उभ्या यमुनेने पदराआडून सांगितलं, "ढेकीचा लाल भात. पेज. तरोट्याची भाजी. आमी फेकतो ते समदं."

"बस," डॉक्टर म्हणाले. "यही दवा है." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्टरजी, ये बुढ़ापा नहीं है. पेट भरा है, देह भूखी है. बर्मा में मिल का चावल खानेवाले ऐसे ही गिरते थे. वक्त पे आ गए. एक महीना और खाते, तो दिल बैठ जाता."

रोगाचं नाव त्यांनी बेरीबेरी सांगितलं. शेळीला हाक मारावी तसं नाव, आणि त्याने माझा जीव जात होता. पण मला आठवतं ते वेगळंच. 'बुढ़ापा नहीं है' हे ऐकल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. महिनाभर सगळ्या गावाने मला सरणावर चढवलं होतं आणि मी चढलोही होतो.

*

दवाखान्यात दहा दिवस होतो. सकाळी कंपाउंडर यायचा, नाव न घेता "ए मास्टर" म्हणायचा आणि कोंड्यापासून केलेलं एक कडू, आंबूस पाणी माझ्या घशात ओतायचा. नंदलाल ज्या गिरणीत बसायचा तिथून रोज गाड्या भरभरून कोंडा जनावरांसाठी जात होता. तोच कोंडा बापाला बाटलीतून पाजलेला बघून तो खिडकीबाहेर पाहायचा. मी त्याला एकदाही म्हटलं नाही की तुझा दोष नाही. म्हणायला हवं होतं. तेव्हा मला कोणाचाच दोष नसणं परवडत नव्हतं.

सुखाच्या गोष्टीही होत्या, नाही म्हणत नाही. यमुना खाटेखाली चटई टाकून राहिली आणि गडव्याची गोष्ट तिने एकदाही काढली नाही. पाचव्या दिवशी लघवी भरपूर झाली आणि सूज उतरली, तेव्हा आम्ही दोघं त्या गोष्टीवर लग्नातल्यासारखे हसलो. नवव्या दिवशी माझा आवाज थोडा परतला. पहिलं वाक्य मी कंपाउंडरला म्हटलं, "माझं नाव दामोदर आहे." त्याने ऐकून घेतलं आणि दहाव्या दिवशी पुन्हा "ए मास्टर" म्हणाला.

निघताना डॉक्टर म्हणाले, बाटलीतलं पाणी जन्मभर पुरणार नाही, औषध घरी चुलीवर आहे. ढेकीचा तांदूळ, एकाच पाण्याने धुतलेला. पेज फेकायची नाही. डाळ, मूग, पालेभाजी. पाय परतायला तीन-चार महिने लागतील, आणि परत पांढऱ्यावर गेलो तर पुढच्या खेपेला आणायची घाई करू नका.

*

घरी आलो. यमुना वाटी घेऊन मागच्या सपरीत गेली आणि रिकामी वाटी घेऊन परत आली.

"देत नाई म्हनते."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नंदलालने मला उचलून सपरीत नेलं आणि ढेकीजवळ टेकवलं. गिरजाबाई चुलीपाशी बसली होती. पुढ्यात मातीच्या भांड्यात लाल भात, बाजूला पेज.

"बाई, काऊन देत नाईस?" मी विचारलं.

"माह्या ताटातलं मी कोनाले देत नाई."

"मी मरून राहिलो, बाई."

"दिसून राहिलं मले."

मी भडकलो. बसलेल्या आवाजात जितकं ओरडता येईल तितका ओरडलो. म्हणालो, मी या घरचा मालक हाओ.

"मालकाले उभं राहता येते का?" ती म्हणाली. मग भाताचं भांडं बाजूला ठेवून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "नंदूच्या बारशाले मी पंगतीत बसली होती. तुले आठोते?"

मला आठवत होतं. आठवू नये म्हणून मी आयुष्यभर काळजी घेतली होती.

"पाटावर बसली होती. पत्रावळीवर पांढरा भात वाढून झाला होता. घास उचलला होता मी. तू आला, अन चार लोकांच्या देखत म्हनला, बाई, ऊठ. मी उठली. तो भात जनावराले गेला. तवापासून तुह्या घरचं मी वाढून घेतलं नाई. पाह्यटे उठून कांडतो, माह्या हातानं रांधतो, तेच खातो. आता तुले तेच पायजे?"

नंदलाल खाली मान घालून उभा होता. त्याच्याच बारशाची गोष्ट होती.

"खाचं असन त इथं येऊन बस," ती म्हणाली. "रोज. माह्यासंग. मी जेवाले बसली की तू बसाचं. माजघरात मी वाटी धाडनार नाई."

सपरीसमोरूनच मागची वाट जाते; गडी जातात, बाया जातात, सगळं गाव जातं. मी नंदलालला म्हटलं, मला आत ने. दोन दिवस मी गेलो नाही, माजघरातच गिरणीचा भात खाल्ला. यमुनेने ढेकीवर पाय टाकून पाहिला, पण गिरणीचा तांदूळ आल्यापासून तिची सवय गेली होती आणि धानाचा नुसता चुरा झाला. तिसऱ्या दिवशी पायांची जुनी बधिरता पुन्हा वाढली आणि छाती धडधडली. मान आणि जीव यांतलं एकच राहणार होतं. मी भिंत धरून, सरपटत म्हटलं तरी चालेल, मागे गेलो आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसलो.

तिने माझ्यापुढे भात ठेवला, पेज ठेवली, चिवळीची भाजी ठेवली. भात चावायला लागत होता. मी म्हणालो, "मीठ कमी हाय."

"मंग नको खाऊ."

*

चार महिने मी तिथे जेवलो, आणि चार महिने आम्ही भांडलो. वडिलांवरून, बारशावरून, मिठावरून. गावातले लोक वाटेने जाताना थांबायचे. ज्याने मला पहिल्यांदा वय झालं म्हटलं होतं, तोही एकदा थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, हे काय, गड्याचं जेवन?"

"व्हय," मी म्हणालो. "तू काय खातोस ते सांग, म्हंजे तुह्या घरी कधी भेटाले याचं ते मले समजन." तो नंतर आला नाही.

दुसऱ्या महिन्यात मुंग्या कमी झाल्या. तिसऱ्या महिन्यात चप्पल पायाला कळू लागली. चौथ्या महिन्यात एका सकाळी मी विहिरीपाशी उकिडवा बसलो, दात घासले आणि काही न धरता उठलो. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. मागच्या अंगणात गिरजाबाई धानात पाय फिरवत होती. "पाह्यलं," ती म्हणाली. "आता घागर उचल."

माझ्या वयाच्या लोकांना मला एवढंच सांगायचं आहे. केस पिकतात, दात पडतात, डोळ्याला धूर दिसतो, ते वयाचं. ते मुकाट्याने घ्या. पण पाय बधिर होतात, दम लागतो, उठता येत नाही, तेव्हा आधी ताटात काय आहे ते बघा. ताटातून काय काढून टाकलं आहे ते त्याहून आधी बघा. आणि घरातली जी म्हातारी अजून टणक आहे, ती काय खाते ते विचारा. ते तुम्हाला आधीच माहीत असेल, तर तुम्ही माझ्यापेक्षा बरे आहात.

*

घरात आता सगळ्यांना ढेकीचाच भात होता. गिरणीच्या पांढऱ्या तांदळाचं अर्धं पोतं कोपऱ्यात पडून होतं. यमुना ते कोणाला तरी देऊन टाकायचं म्हणत होती. तेव्हा गिरजाबाई माजघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"त्यातला मले एकदा रांधून दे," ती म्हणाली.

"बाई, डॉक्टरनं सांगतलं ना, तो वाईट हाय," यमुना म्हणाली.

"आता वाईट झाला व्हय?" गिरजाबाई म्हणाली. "चांगला होता तवा दिला का?"

मी यमुनेला गप्प बसायची खूण केली. तिने चार पाण्यांनी तांदूळ धुतला, पेज काढली, सुटा भात केला. भर दुपारी, माजघरात, जिथे मी बसायचो तिथे पाट मांडला. गिरजाबाई आली आणि पाटावर बसली. भात मी स्वतः वाढला, वर तूप घातलं, आणि समोर जमिनीवर बसलो.

तिने पहिला घास घेतला. चावला, गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला ती थांबली आणि ताटात बोट फिरवून बघू लागली, जसं काही खाली अजून काही असेल.

"एवढाच?" तिने विचारलं.

"एवढाच, बाई."

"चव नाई याले." ती ताटाकडे बघत राहिली. "याच्यासाठी? याच्यासाठी तुमी मले मांगं बसवलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो, भांडायची आता मला सवय झाली होती.

"व्हय," मी म्हणालो.

तिने ताट माझ्याकडे सरकवलं. पाटावरून ती उठली नाही.

"जा," ती म्हणाली, "पेज आन माही."

मी उठलो आणि आणली.